निरोगी दिसणाऱ्या मुलांतील गुप्त कावीळ
(ज्युबिली सप्ताहांत धर्मग्रामांतील पालकांपुढें दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीचें वर्ष हें उपकारस्मरणाचें वर्ष होय. या वर्षीं पूर्वजांची आठवण करावी, देवाचे आभार मानावे आणि पुढील पिढीच्या हातीं आपण काय ठेवणार आहों याचा हिशेब करावा, हें उचित आहे. इस्राएल लोकांमध्यें ज्युबिलीच्या वर्षीं दास मोकळे होत आणि गहाण पडलेल्या जमिनी मूळ कुळांकडे परत येत. आपणांवरही एक ऋण आहे. तें आपल्या लेंकरांचें. आज आम्ही त्या ऋणाच्या एका लहानशा भागाविषयीं बोलणार आहों.

विषय आहे काविळीचा. कोणी विचारील, धर्मगुरूनें आत्म्याविषयीं बोलावें, काविळीचा विचार डॉक्टरांवर सोडावा. त्यास आमचें उत्तर असें कीं, पांचवी आज्ञा ही केवळ खुनापुरती नाहीं. आपल्या व शेजाऱ्याच्या प्राणाची व आरोग्याची निगा राखणें हेंही त्याच आज्ञेंत येतें, असें धर्मशिक्षण आपणांस सांगतें. बेन सिराच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत तर प्रार्थना आणि वैद्य या दोहोंनाही शेजारीं शेजारीं बसविलें आहे. आम्ही वैद्य नव्हे. परंतु मेंढपाळास आपल्या कळपाचें दुखणें ठाऊक असावें लागतें.

प्रथम एक समज दूर करूं. कावीळ हा स्वतंत्र रोग नव्हे, तें एक चिन्ह आहे. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशी जुन्या झाल्या म्हणजे मोडतात व त्यांतून एक पिवळें द्रव्य निघतें. तें गाळून पित्ताच्या वाटेनें बाहेर टाकण्याचें काम यकृत, म्हणजे ज्याला आपण घरगुती भाषेंत काळीज म्हणतों, तें करीत असतें. यकृतास सूज आली म्हणजे हें काम अडतें, पिवळें द्रव्य रक्तांत सांचतें, आणि डोळे व लघवी पिवळीं दिसूं लागतात. परंतु नीट लक्ष द्या: यकृतांत विषाणु शिरला म्हणजे डोळे पिवळे होतीलच असें मुळींच नाहीं. मोठ्या माणसांत तें अधिक वेळां दिसतें. लहान मुलांत बहुधा दिसत नाहीं. आजच्या आमच्या सर्व बोलण्याचें सार या दोन वाक्यांत आहे.

यकृताची अशी सूज आणणारे मुख्य विषाणु पांच असून त्यांस ए, बी, सी, डी आणि ई अशीं नांवें आहेत. १९४७ सालीं मॅक्कॅलम या इंग्रज डॉक्टरांनीं प्रथम ए व बी अशीं दोन नांवें सुचविलीं. पुढें इतरांची ओळख पटत गेली. आपण सामान्य माणसांनीं त्यांचे दोन गट ध्यानांत ठेवावे. ए आणि ई हे तोंडावाटे येतात, म्हणजे मळानें दूषित झालेल्या पाण्यांतून, अन्नांतून व न धुतलेल्या हातांवरून. बी, सी आणि डी हे रक्तावाटे येतात; त्यांतही डी हा एकटा येत नाहीं, बी असेल तेथेंच त्याचा शिरकाव होतो.

आतां पहिल्याचा विचार करूं. सहा वर्षांखालील मुलांस ए विषाणूचा संसर्ग झाला तर शंभरांपैकीं सुमारें सत्तर मुलांत कोणतेंही लक्षण दिसत नाहीं. उरलेल्यांतही कावीळ क्वचितच उमटते. थोडा ताप, थोडी मळमळ, दोन दिवस जेवणाचा कंटाळा, इतकेंच. आई म्हणते, पोराचें पोट बिघडलें असेल. आणि चौथ्या दिवशीं पोर अंगणांत खेळूं लागतें. याच्या उलट, मोठीं मुलें व प्रौढ माणसें यांस तोच विषाणु लागला तर शंभरांत सत्तरांहून अधिक जणांस उघड कावीळ होते व कित्येक आठवडे अंथरूण धरावें लागतें. जागतिक आरोग्य संघटना असें सांगते कीं, ज्या देशांत सांडपाण्याची व पिण्याच्या पाण्याची व्यवस्था वाईट आहे, तेथें शंभरांतील नव्वद मुलांस वयाच्या दहा वर्षांच्या आंत हा संसर्ग होऊन गेलेला असतो. आपण मागील पिढीच्या बालपणाकडे पाहिलें तर त्यांतील बहुतेकांच्या शरीरांतून हा विषाणु येऊन गेला, आणि घरांत कोणाला त्याची वार्ताही लागली नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

तुम्ही म्हणाल, मुलांस त्रास होत नाहीं, मग चिंता कशाची? चिंता अशी कीं, त्रास नसला तरी संसर्ग असतो. विषाणु शरीरांत शिरल्यापासून दोन ते चार आठवड्यांनीं लक्षणें दिसतात; आणि जे आजारी पडणार असतात त्यांच्याही मळांतून तो लक्षणें दिसण्यापूर्वींच भरपूर बाहेर पडूं लागतो. मग ज्या मुलास लक्षणें दिसतच नाहींत, त्याची कोण काळजी घेणार? त्याचा लंगोट धुणारी आजी, त्याच्या ताटांतील घास उचलणारी मावशी, त्याच्याबरोबर एकाच पेल्यानें पाणी पिणारा काका, यांच्यापर्यंत तो रोग पोंचतो; आणि मुलगा हांसत खेळत असतां घरांतील वडील माणूस आडवें होतें. यांत त्या लेंकराचा कांहींही अपराध नाहीं. अपराध असेल तर तो न धुतलेल्या हातांचा व उघड्या गटाराचा.

येथें एक विलक्षण गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुण्यांतील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें १९८२ ते १९९८ या काळांतील लोकांच्या रक्ताची तपासणी करून असें दाखविलें कीं, पूर्वीं जवळजवळ सर्वांस बाळपणींच होऊन जाणारा हा संसर्ग शहरांतील सुस्थितींतल्या घरांत कमी होत चालला आहे. ही आनंदाची गोष्ट. कारण ती स्वच्छतेची खूण आहे. परंतु तिला एक दुसरी बाजू आहे. ज्याला बाळपणीं संसर्ग झाला नाहीं, तो तरुणपणीं कोरा राहतो. आणि विसाव्या वर्षीं शिक्षणासाठीं वसतिगृहांत गेला किंवा नोकरीनिमित्त बाहेरचें खाऊं लागला म्हणजे त्याला तोच रोग अधिक जोरानें होतो. यावरून कोणी असा तर्क काढील कीं, मग अस्वच्छताच बरी. तसें नव्हे. ज्या घाणेरड्या पाण्यांतून हा विषाणु येतो, त्याच पाण्यांतून विषमज्वर व पटकी येतात, आणि तीं मुलांवर दया करीत नाहींत. यावरून काढावयाचा खरा निष्कर्ष एवढाच कीं, अर्धी स्वच्छता पुरेशी नाहीं, आणि ज्या मुलांस संसर्ग झालेला नाहीं त्यांच्यासाठीं ए विषाणूची लस उपलब्ध आहे, तिच्याविषयीं आपल्या डॉक्टरांस विचारावें.

ई विषाणूची कथा आपल्याच देशांत घडली. १९५५ सालच्या शेवटीं दिल्लींत यमुनेच्या पुरानंतर नदीनें पात्र बदललें आणि शहराच्या नाल्याचें सांडपाणी पाणी उपसण्याच्या ठिकाणापर्यंत आलें. पुढें १९५६ च्या आरंभापर्यंत सुमारें २९,००० लोकांस उघड कावीळ झाली. त्या काळीं ती ए विषाणूचीच समजली गेली. जपून ठेविलेलें रक्त पुढें कित्येक वर्षांनीं तपासलें तेव्हां ती निराळ्याच विषाणूची होती असें कळलें. महाराष्ट्रांत कोल्हापूर येथें १९८१ सालीं अशीच पाण्यावाटे सांथ आली होती. या रोगांतही तरुण माणसें पिवळीं पडतात, आणि मुलांत तो बहुधा गुपचुप जातो. परंतु गरोदर स्त्रीस, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हा रोग झाला तर शंभरांत वीस ते पंचवीस जणी दगावूं शकतात. म्हणून आम्ही सांगतों कीं, ज्या घरीं सून किंवा लेक गरोदर आहे, त्या घरीं पाणी खळखळून उकळल्यावांचून कोणाच्याही ओठास लागूं नये.

आतां बी विषाणूकडे वळूं, आणि येथें आम्ही तुमचें अधिक लक्ष मागतों. ए व ई हे पाहुणे आहेत. ते येतात, कांहीं आठवडे राहतात व बहुधा निघून जातात. बी हा मात्र घर करून राहूं शकतो. तो कोणाच्या शरीरांत कायमचा राहील हें बहुतांशीं वयावर अवलंबून असतें, आणि तें प्रमाण ऐकून मन चरकतें. मोठ्या माणसास संसर्ग झाला तर शंभरांत पांचांहून कमी जणांत तो कायम राहतो. पांच वर्षांखालील मुलांत शंभरांतील तीस ते पन्नास जणांत राहतो. आणि जन्मतांना आईकडून किंवा पहिल्या वर्षींच मिळाला तर शंभरांतील ऐंशी ते नव्वद मुलांत राहतो. म्हणजे जितकें मूल लहान, तितका तो घट्ट बसतो. आणि जितकें मूल लहान, तितकीं लक्षणें कमी. असें मूल वाढतें, शाळेंत जातें, धावतें, पहिला ख्रिस्तप्रसाद घेतें, आणि कोणासही संशय येत नाहीं. तीस-चाळीस वर्षांनीं, तो संसारी पुरुष झाल्यावर, कित्येकांचें यकृत आकसूं लागतें किंवा त्यांत कर्करोगाची गांठ निघते. तेव्हां सर्व म्हणतात, दारूनें गेला. कधीं कधीं त्या बिचाऱ्यानें दारूस स्पर्शही केलेला नसतो.

हें अनुमान नव्हे. तैवान बेटावर तैपेई शहरांत १९८४ सालीं पंधरा वर्षांखालील, दिसण्यांत निरोगी अशा मुलांचें रक्त तपासलें, तेव्हां शंभरांत जवळजवळ दहा मुलांत हा विषाणु आढळला. त्याच वर्षीं तेथील सरकारनें आईकडून धोका असलेल्या नवजात बालकांस लस देण्यास आरंभ केला आणि थोड्याच काळांत ती सर्व बालकांस मिळूं लागली. १९९९ सालीं पुन्हा तपासणी केली, तेव्हां तें प्रमाण शंभरांत एकाहूनही खालीं आलें होतें. मुलांतील यकृताचा कर्करोगही तेथें जवळजवळ निम्म्यानें घटला. एका लसीनें कर्करोगास पायबंद बसल्याचें वैद्यकाच्या इतिहासांतील हें पहिलें मोठें उदाहरण आहे. साऱ्या जगांत पांच वर्षांखालील मुलांतील या विषाणूचें प्रमाण लसीपूर्वीच्या काळांत शेंकडा सुमारें पांच होतें. २०१९ सालीं तें शेंकडा एकाच्या खालीं आलें. तरीही २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें २५ कोटि ४० लाख आणि आपल्या भारतांत जवळजवळ तीन कोटि माणसें या विषाणूसह जगत आहेत. त्यांतील पुष्कळांस तें ठाऊकच नाहीं.

या ज्ञानाची किंमत कोणीं दिली हेंही एकदां सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें विलोब्रुक नांवाची मतिमंद मुलांची एक मोठी संस्था होती. तेथें दाटी व अस्वच्छता इतकी कीं, नव्या आलेल्या मुलांपैकीं बहुतेकांस यकृताचा संसर्ग होत असे. १९५६ पासून डॉक्टर क्रुगमन व त्यांचे सहकारी यांनीं तेथील कांहीं मुलांस हा विषाणु मुद्दाम दिला व त्यांचें निरीक्षण केलें. आईबापांची संमति घेतली होती, आणि तीं मुलें नाहींतरी आजारी पडणारच होतीं, असें समर्थन करण्यांत आलें. त्या प्रयोगांतून काविळीचे दोन निरनिराळे प्रकार स्पष्ट झाले आणि लसीच्या शोधासही मदत झाली. परंतु १९६६ सालीं डॉक्टर बीचर यांनीं अशा प्रयोगांवर उघड टीका केली, आणि ती योग्यच होती. जें मूल स्वतःसाठीं बोलूं शकत नाहीं, त्याला साधन म्हणून वापरणें हें चांगल्या हेतूनेंही निर्दोष ठरत नाहीं. शिष्य कोण मोठा म्हणून वाद घालीत होते, तेव्हां प्रभु येशूनें एका बालकास मध्यें उभें केलें. दुर्बळ बालकास मध्यभागीं ठेवावें, कडेला ढकलूं नये, ही त्या प्रसंगाची शिकवण होय. आज आपल्या बाळास जी लस सहज मिळते, तिच्यामागें त्या मुक्या लेंकरांचें दुःखही आहे. ती फुकट दवडणें हा कृतघ्नपणा होईल.

म्हणून पालकांचीं कर्तव्यें आम्ही अनुक्रमानें सांगतों.

पहिलें कर्तव्य गरोदरपणांतील तपासणीचें. प्रत्येक गरोदर स्त्रीनें बी विषाणूसाठीं रक्त तपासून घ्यावें. विषाणु आढळला तर घाबरूं नये आणि लपवूं नये. डॉक्टर आईस औषध देतात, व बाळास जन्मतांच लसीबरोबर संरक्षक द्रव्याची आणखी एक सुई देतात. अशा आईनें बाळास अंगावर पाजण्यास हरकत नाहीं.

दुसरें कर्तव्य लसीचें. बाळास बी विषाणूची पहिली लस जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आंत मिळाली पाहिजे. पुढें सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत सरकारी दवाखान्यांत ती विनामूल्य मिळते. बाळ अशक्त आहे, बारसें होऊं द्या, पाहुणे जाऊं द्या, असें म्हणून पहिली सुई पुढें ढकलूं नका. बाप्तिस्म्यास उशीर करूं नये असें आम्ही तुम्हांस नेहमीं सांगतों. या लसीसही उशीर नको.

तिसरें कर्तव्य रक्ताच्या स्वच्छतेचें. कान टोचण्याची सुई, न्हाव्याचा वस्तरा, दांत घासण्याचा ब्रश, गोंदण्याची सुई यांवरून रक्ताचा न दिसणारा कणही विषाणु वाहून नेतो, आणि बी विषाणु सुकलेल्या जागीं निदान सात दिवस जिवंत राहूं शकतो. मुलीचे कान टोचवितांना नवी किंवा नीट निर्जंतुक केलेलीच सुई हवी, असा आग्रह धरा. त्यांत सोनाराचा अपमान नाहीं. सी विषाणूचीही वाट हीच आहे. त्यावर लस नाहीं, परंतु आतां गोळ्यांनीं शंभरांत पंचाण्णवांहून अधिक रोगी बरे होतात. २०१८ पासून सरकारनें या रोगांसाठीं राष्ट्रीय योजना चालविली आहे. तिच्यांत तपासणी व औषधें विनामूल्य आहेत. तिचा लाभ घ्यावा.

चौथें कर्तव्य पाण्याचें व हातांचें. शौचानंतर, बाळाचें शी-शू काढल्यानंतर आणि स्वयंपाकापूर्वी साबणानें हात धुणें ही संवय घरांत लहानथोर सर्वांस असावी. विहिरीजवळ शोषखड्डा नसावा. पावसाळ्यांत पाणी उकळावें. आणि हें ज्युबिलीचें वर्ष असल्यामुळें आणखी एक विनंति: या वर्षीं धर्मग्रामांत जेवणावळी होतील. तेथें पिण्याचें पाणी व सरबतांतील बर्फ कोठून आला याची चौकशी मंडपवाल्यास करा. वाढणाऱ्या स्वयंसेवकांनीं हात धुवावे. आनंदाच्या पंगतींतून कोणाच्या घरीं दुखणें जाऊं नये.

पांचवें कर्तव्य खऱ्या उपचाराचें. आपल्याकडे कावीळ उतरविण्याच्या अनेक रीती आहेत. कोणी डोक्यावर माळ ठेवितात. ती दिवसेंदिवस लांब होत खालीं उतरते, तशी कावीळ उतरली असें मानतात. माळ लांबते, कारण तींतील काड्या सुकून गांठी सैल होतात. कोणी हातास झाडपाल्याचा रस चोळून चुन्याच्या पाण्यांत धुतात व पाणी पिवळें झालें म्हणजे रोग बाहेर पडला असें दाखवितात. निरोगी माणसाच्या हातांनींही तें पाणी तसेंच पिवळें होतें, करून पाहा. कोणी तापल्या लोखंडाचा डाग देतात, हें तर क्रौर्य होय. या रीतींस यश येतें असें वाटतें, याचें कारण ए विषाणूची कावीळ बहुधा आपोआपच बरी होते; श्रेय माळेला मिळतें. परंतु बी किंवा सी विषाणूच्या रोग्याची कावीळही कधीं ओसरते आणि विषाणु आंत राहतो. माळ काढून तो मनुष्य निश्चिंत होतो, आणि तेथेंच खरा घात होतो. म्हणून कोणत्याही काविळींत रक्त तपासलेंच पाहिजे. रोग्यास उपाशी ठेवूं नका. साधें पोटभर अन्न द्या. डॉक्टरांस विचारल्यावांचून तापाच्या गोळ्याही देऊं नका. रोगी गुंगूं लागला, असंबद्ध बोलूं लागला, उलट्या थांबेनात किंवा कोठून रक्त येऊं लागलें, तर एक तासही न दवडतां रुग्णालय गांठा.

शेवटचें कर्तव्य प्रेमाचें. आणि हें डॉक्टर सांगणार नाहींत, आम्हांसच सांगितलें पाहिजे. तपासणींत एखाद्या मुलाच्या किंवा सुनेच्या रक्तांत बी विषाणु निघाला कीं कुजबुज सुरू होते. त्याचें ताट निराळें करितात, शाळेंतील बांकावर त्याच्या शेजारीं बसूं देत नाहींत, सुनेच्या माहेरास बोल लावितात. हें अज्ञान आहे आणि पापही आहे. बी विषाणु एकत्र जेवल्यानें, एकाच पेल्यानें पाणी प्यायल्यानें, हात धरल्यानें, मुलास कवटाळल्यानें पसरत नाहीं. मंदिरांत शेजारीं बसल्यानें किंवा शांतीचा नमस्कार केल्यानें तर नाहींच नाहीं. ज्या आईच्या रक्तांत तो निघाला, तिलाही तो बहुधा तिच्या बाळपणींच, नकळत, मिळालेला असतो. तिच्या शीलाविषयीं संशय घेणाऱ्यांनीं ज्या आठव्या आज्ञेनें शेजाऱ्याची अब्रू राखावयास सांगितली आहे, तिचें स्मरण करावें. प्रभु येशूनें कुष्ठ्यास दुरून बरें केलें असतें तरी चाललें असतें. त्यानें हात पुढें करून त्यास स्पर्श केला. आमच्या धर्मग्रामांत कोणत्याही बालकास त्याच्या रक्तामुळें एकटें जेवावें लागूं नये.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनीं हें मंदिर बांधलें तेव्हां कोणाच्या हातीं पुष्कळ पैसा नव्हता. परंतु प्रत्येकानें आपापल्या शक्तीप्रमाणें भार उचलला. मुलांच्या आरोग्याचें मंदिरही तसेंच बांधावें लागतें. एक रक्ततपासणी, एक वेळेवर टोचलेली लस, एक साबणाची वडी, एक उकळलेला हंडा, आणि शेजाऱ्याविषयीं एक न उच्चारलेला वाईट शब्द. इतक्या साध्या दगडांनीं तें उभें राहतें. तुमचीं मुलें निरोगी दिसतात याबद्दल देवाचे आभार माना. आणि तीं खरोखर निरोगी राहावीं म्हणून आपल्या हातून होण्यासारखें सर्व करा. जगाच्या तारणाऱ्यास नासरेथच्या घरांत लहानाचा मोठा करणारीं पवित्र मरिया आणि संत योसेफ तुमच्या घरांतील प्रत्येक बालकासाठीं विनवणी करोत, आणि सर्वसमर्थ देव, पिता, पुत्र व पवित्र आत्मा, तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.